वेरूळच्या घाटात दोन विहिणी आणि एक पाइप

सांगलीला परतल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी एकच विचारलं, "कैलास लेणं पाहिलंत का हो?" मी म्हटलं, "पाहिलं की, टँकरच्या खिडकीतून. डोंगर दिसला, तिकिटाची रांग दिसली, सहलीच्या मुलांची पिवळी गाडी दिसली, आणि पुढच्या वळणावर फट्‌कन आवाज होऊन सगळा काळा धूर झाला." बायकांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी थट्टा करते हे खरं, पण ही थट्टा नव्हती.

शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. मी गेले तेव्हा पाट्यांवर औरंगाबाद होतं आणि पावसानं पाठ फिरवलेली ती वर्षं होती. सांगलीत मुलाकडे बाळ येऊन मी नुकतीच आजी झाले होते आणि नुकतीच नोकरीतून सुटले होते. या दोन गोष्टी एकदम घडल्या की बाईला आपण फार शहाण्या झालो असं वाटायला लागतं. माझ्या बॅगेत दुर्बीण होती, पांढरी सुती टोपी होती, चंदनाचा साबण डबीसकट होता, लेण्यांची माहितीपुस्तिका होती आणि वाटेत भेटेल त्याला द्यायला भरपूर सल्ले होते. ती बाई आज समोर आली तर मी तिला आधी गप्प बसायला सांगेन. ती बसणार नाही, हेही मला माहीत आहे.

बीड बायपासच्या पलीकडे

माझी मुलगी मंजिरी तेव्हा बीड बायपासपलीकडच्या नव्या इमारतीत राहायची. काय ती इमारत! खाली आरशासारखी फरशी, लिफ्टमध्ये गाणं, आणि मागच्या अंगाला निळ्या टाइलांचा पोहण्याचा तलाव. तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. निळ्या भिंतींमुळे चेंडू बाहेर जात नाही, असं मला जावयांनी, प्रकाशरावांनी, अभिमानानं सांगितलं.

आम्ही कृष्णाकाठचे. आमच्याकडे पाण्याची तक्रार करायची म्हणजे ते घरात शिरलं अशी करायची. पहिल्या सकाळी मी नेहमीसारखी दोन बादल्या पाण्यानं आंघोळ केली, वर न्हाणीघर धुऊन काढलं आणि प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले. मंजिरी दारात उभी होती. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "आई, धुण्याचंसुद्धा संपवलंस?" मग दुपारी टँकरची शिट्टी वाजली आणि संगमरवरी जिन्यावरून सगळा मजला बादल्या घेऊन खाली पळाला, त्यात मीही.

नाश्त्याला तिनं सुशीला केला होता. आमच्या सांगलीत चुरमुरे ओले करणं म्हणजे भडंगाचा अपमान. इथं ते भिजवतात, पिळतात आणि कांदा-मिरचीवर परततात. खाऊन पाहिलं तर पोह्यांपेक्षा हलकं आणि झकास. पण खरी गंमत पुढे होती. चुरमुरे पिळलेलं पाणी मंजिरीनं ओतून दिलं नाही, तुळशीला नेऊन घातलं. माझी मुलगी! जी लहानपणी नळ उघडा ठेवून दात घासायची.

चितेगावच्या अलीकडे

मंजिरी आणि जावई दोघंही नोकरीवर जाणार म्हणून मला माझ्या विहीणबाईंकडे, म्हणजे जावयांच्या आईंकडे, पोचवलं गेलं. शेवंताबाईंची मोसंबीची बाग पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे. त्या रस्त्याला कंपन्यांची फाटकं, वजनकाटे, चहाच्या टपऱ्या, आणि मध्येच एखादं रिकामं रान. रानात चुन्याच्या रेघा आखलेल्या आणि पाटीवर हिरवळीत उभं असलेलं हसरं कुटुंब. हिरवळ फक्त पाटीवर होती. शेजारच्या बागा तोडून झाल्या होत्या. मोसंबीच्या लाकडाचे ढीग रस्त्याकडेला रचलेले दिसले, आणि मी, शहाणी, पोचल्या पोचल्या शेवंताबाईंना म्हणाले, "जळणाची सोय चांगली दिसते इकडे."

शेवंताबाईंनी माझ्या हातातली बॅग घेतली. उंच, काटक बाई. मालक गेल्यापासून बाग त्याच सांभाळत होत्या. भाकरी, येसर नावाच्या मसालेदार पिठाची आमटी आणि ठेचा असं जेवण झाल्यावर त्या मला बागेत घेऊन गेल्या. झाडांची पानं द्रोणासारखी वळलेली. विहिरीत वाकून पाहिलं तर तळाचा दगड दिसत होता.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या जावयाला मी शब्द दिलाय. या उन्हाळ्यात बाग वाळली, तर तो म्हणंल तिथं सही करीन. पाडू दे प्लॉट. पण जगली, तर माझ्या जित्याजी प्लॉटाचं नाव काढायचं नाय."

"प्रकाशरावांनी असं म्हटलं?" मला धक्का बसला.

"वाईट नाय वो त्याचं मन. म्हणतो, आई, झाडापायी तू वाळायलीस. खरंच हाय ते. पण ही झाडं मालकानं आन् मी लावलेली. माझ्या डोळ्यासमोर सरपण झालेलं बघवायचं नाय."

बाग जगवायला पाणी यायचं ते शेवंताबाईंच्या माहेराहून, वेरूळजवळच्या भावाच्या विहिरीवरून. विहिरीला अजून झरा होता आणि भाऊ बहिणीला अडवत नव्हता. ते पाणी आणायला घरची दहा चाकांची गाडी. पूर्वी ती कंपन्यांचा माल वाहायची, आता तिच्या पाठीवर टाकी चढवलेली. चालवणारे लतीफभाई, मालकांच्या वेळेपासूनचे, गालात पान आणि डोक्यावर ओला रुमाल.

त्या संध्याकाळी गाडी आली ती मुंगीच्या चालीनं, मागे काळ्या धुराचा पदर सोडत. लतीफभाई उतरले आणि म्हणाले, "माई, गाडी में जानच नहीं है. खुलताबाद के चढाव पे पैदल वाले आगे निकल रहे थे."

त्यांनी गाडीचं पुढचं डोकं उचलून वाकवलं. ट्रकचं डोकं असं सबंध पुढे झुकतं हे मला माहीत नव्हतं. नमस्काराला वाकलेल्या हत्तीसारखं दिसतं. आत लोखंडी नळ्यांच्या मध्ये एक हिरवा पाइपाचा तुकडा होता, पुरीसारखा फुगलेला आणि एका बाजूनं फाटलेला.

मी ओळखलं. विहिरीवरच्या मोटारीचा, पाणी ओढायचा पाइप.

"विहिरीत पाणी नाय," शेवंताबाई जरा ओशाळून म्हणाल्या, "मंग पाइप कशाला निजवून ठिवायचा? गाडीचा फाटला तवा मीच काढून दिला मागच्या टायमाला. बसला बी व्हता बेस."

लतीफभाईंनी मला समजावलं. टर्बो नावाचा पंखा इंजिनात हवा कोंबतो. कोंबलेली हवा तापते. म्हणून ती आधी पुढच्या जाळीत नेऊन गार करायची आणि मग इंजिनाला पाजायची. त्या जाळीला ते इंटरकूलर म्हणायचे. नळ्या लोखंडी, पण सांध्यांना मऊ पाइप, कारण इंजिन सारखं हलतं आणि जाळी जागेवर गच्च असते. सांधा फाटला की हवा बाहेर पळते, डिझेल अर्धवट जळतं, धूर होतो, आणि गाडी भरली असली की चढावर बसते.

हे सगळं ऐकून मी काय म्हणावं? मी म्हणाले, "हवाच तर न्यायची आहे. त्याला कुठलाही पाइप चालेल की. थोडा जाड बघा." एवढं बोलून मी दुर्बिणीनं विहिरीवरचं कबुतर पाहायला लागले.

औरंगपुऱ्याच्या मागची गल्ली

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लतीफभाईंबरोबर रिक्षानं शहरात गेलो. औरंगपुऱ्यात एवढी गर्दी की रिक्षावाल्यानं आम्हाला अलीकडेच उतरवलं. मागच्या एका गल्लीत ट्रकच्या सामानाचं दुकान होतं. छताला फॅनबेल्ट लटकलेले, जसे आमच्याकडे फुलवाल्याच्या दुकानात हार. दुकानदार शेठ मोठ्या अंगाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. शेजारी कूलर होता, पाण्याविना नुसता गरम वारा फेकणारा.

"टर्बो का पाइप? कौनसी साइड, माई? गरम, का ठंडी?"

"सध्या दोन्ही गरमच हायेत, शेठ," शेवंताबाई म्हणाल्या.

शेठ पोट धरून हसले. मग त्यांनी दोन पाइप काढले. एक काळा रबरी. तो जाळीतून इंजिनात जाणाऱ्या गार हवेचा. दुसरा निळा, सिलिकॉनचा, थरांमध्ये कापड घातलेला. तो टर्बोतून निघणाऱ्या तापलेल्या हवेचा. दोन्हींचं तोंड सारखं, म्हणून लोक फसतात आणि काळा पाइप गरम बाजूला बसवतात. "वो फिर चार दिन में पापड," शेठ म्हणाले.

आमचा फाटला होता तो गरम बाजूचा. लतीफभाईंनी हिरवा तुकडा पुढे केला. शेठनी तो बोटानं दूर सारला. "ये तो फूल के कुप्पा हुआ है. इसका नाप क्या लेना? पाइप नहीं, नली नापो." लतीफभाई पुरे तयारीचे. त्यांनी खिशातून सुतळी काढली. लोखंडी नळीभोवती गुंडाळून गाठ मारून आणली होती.

पुढचा अर्धा तास आम्ही दोघींनी तो पाइप पैठणीसारखा निवडला. शेवंताबाईंनी कड उलटी करून आतले थर पाहिले. मी तो उजेडाकडे धरला, का ते देवाला ठाऊक. शेठनी एक तकलादू, पातळ पाइप "चालू आयटम" म्हणून पुढे करून पाहिला. शेवंताबाईंनी तो मुठीत दाबला, तो चेपला तो चेपलाच राहिला. "हा तुमच्या दुकानातच ठिवा," त्या म्हणाल्या, "कूलरला जोडा." मग मला एक लाल, सरळ, फार देखणा पाइप आवडला. मी आग्रह धरला. लतीफभाई अदबीनं म्हणाले, "दादी, बीच में फुगवटा पाहिजे." जुन्या, कंपनीच्या पाइपाला मध्ये एक गोल फुगा होता, म्हणे. इंजिन हललं की तो फुगा दबतो, ताणतो, धक्का खातो. सरळ पाइप दर खड्ड्याला सांध्यावरून ओढला जातो.

अखेर निळा, मध्ये फुगा असलेला घेतला. बरोबर पाइप नळीवर आवळायला रुंद पट्टीचे दोन क्लॅम्प, बोल्ट आणि स्प्रिंगवाले. आधीचे बारीक पट्टीचे होते, ते मऊ पाइपाला चावतात. शेठनी चहा पाजला. चहा पिताना मी लाल पाइपाकडे एकदा वळून पाहिलं. काही मोह वयानं जात नाहीत.

अंगणातला चुडा

पुढच्या सकाळी पाइप बसवायचा होता. भाऊ विहीर एक दिवसाआड देत होता आणि तो दिवस चुकला तर पुढचं पाणी थेट परवावर. झाडांची अवस्था अशी की शेवंताबाई सकाळपासून बागेकडे पाठ करून उभ्या होत्या.

आणि पाइप बसेना. नवाकोरा, घट्ट. लतीफभाई घामानं निथळले. पाइप नळीच्या तोंडापर्यंत यायचा आणि अडायचा. नळीच्या टोकाला एक उभार कड असते, तिच्यावरून तो पुढे सरकायला हवा.

मी ओट्यावर बसून पाहत होते. आणि मला सुचलं. सुचलं म्हणजे काय, डोक्यात ट्यूब पेटली. मी म्हणाले, "अहो, बांगडी अडली की कासार काय करतो? तेल लावतो!"

"नक्को दादी," लतीफभाई दबक्या आवाजात म्हणाले, "तेल नक्को..."

पण ते पुढे बोलणार तरी कसे? मी पडले विहीणबाई, त्यात पाहुणी. आमच्याकडे मुलीच्या आईनं सासरी जाऊन तोंड उघडायचं नाही असा जुना रिवाज. शेवंताबाईंकडे नेमकं उलटं होतं. दारी आलेल्या विहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. "लतीफ, बाई बरोबर बोलायल्यात," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात कासारानं तेल लावूनच चुडा भरला व्हता. मनगट असं, आन् बांगड्या तशा. सरसर गेल्या." आणि स्वतः आत जाऊन खोबरेलाची बाटली घेऊन आल्या.

लतीफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, शेवंताबाईंकडे पाहिलं, आणि वर आभाळाकडे पाहिलं. मग पाइपाच्या आतून खोबरेल लावलं.

पाइप सरसर गेला. क्लॅम्प आवळले. शेवंताबाई म्हणाल्या, "शिकलेल्या बाईची गोष्टच न्यारी." मी नम्रपणे मान खाली घातली. त्या क्षणाचा माझा फोटो असता तर मी तो फाडून टाकला असता.

वेरूळ, बाहेरून

गाडी रिकामी असताना वाऱ्यासारखी गेली. मी टोपी घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून केबिनमध्ये बसले होते. एका बाजूला शेवंताबाई, मध्ये मी. एवढ्या उंचीवरून जग पाहिलं की मोटारी खेळण्यासारख्या दिसतात आणि आपल्याला उगाच अधिकार चढतो. देवगिरीचा किल्ला लांबून दिसला, मी त्याचा इतिहास सांगितला. खुलताबादला अंजिरांच्या टोपल्या दिसल्या, मी अंजिराचे गुण सांगितले. लतीफभाई "हौ, हौ" करत गाडी चालवत होते.

बेत असा की टाकी भरेपर्यंत मी लेणी पाहून यायचं. पण विहिरीवर शेवंताबाईंच्या वहिनींनी धपाटे आणि दही पुढे ठेवलं. धपाट्यांत तीळ इतके सढळ की मी आणखी एक मागितला, मग आणखी एक. उठेपर्यंत टाकी भरली होती. मी म्हटलं, लेणी हजार-बाराशे वर्षं उभी आहेत, पुढच्या खेपेला पाहू. अजून पाहायची आहेत.

लेण्यांसमोरून गाडी भरलेली, जड, हलत-डुलत निघाली. चढ लागला. लतीफभाईंनी गिअर उतरवला, इंजिनानं छाती भरून जोर घेतला आणि फट्‌! बंदुकीसारखा आवाज. मागोमाग फुस्‌, आणि पाठीमागे काळा धूर. गाडी कण्हत कण्हत कडेला थांबली. आम्ही उतरून चाकांमागे दगड लावले.

डोकं वाकवलं. निळा पाइप शाबूत होता, फाटला नव्हता. फक्त नळीवरून सरकून बाजूला लोंबत होता. लतीफभाईंनी फडक्यानं धरून परत बसवला, क्लॅम्प जिवाच्या आकांतानं आवळले. गाडी हातभर पुढे गेली. फट्‌!

त्यांनी नळीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग तेच बोट माझ्यापुढे धरलं. खोबरेलाचा वास.

बांगडी सरसर जाते, कारण तिला पुढे हातावर नुसतं राहायचं असतं. या पाइपाला आतून रेटा येतो. जो घसरून आत जातो तो घसरून बाहेरही येतो, हे समजायला पदवी लागत नाही. माझ्याकडे होती तरी समजलं नव्हतं.

"माई," लतीफभाई म्हणाले, "एकच रास्ता. आधा पानी छोड देते. गाडी हलकी हुई तो टर्बो के बगैर बी चढेगी."

शेवंताबाई रस्त्याकडेला टेकल्या. "सोडायचं? मातीत?"

तेवढ्यात घाटाखालच्या वस्तीवरून बायका आल्या. उभा टँकर दुरून दिसतो. कमरेवर घागर, डोक्यावर हंडा, पायांत काही नाही. त्या ओरडल्या नाहीत, धावल्या नाहीत. टाकीच्या तोटीतून थेंब ठिबकत होता, त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. एकीनं हंडा हळूच त्या थेंबाखाली धरला.

लतीफभाई शेवंताबाईंजवळ वाकून कुजबुजले, "बोल दूं क्या, खाली है करके?"

"त्यांना डोळं हायेत, लतीफ."

मला शेवंताबाईंचं तोंड दिसत होतं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बाग उभी होती हेही दिसत होतं. पाणी मातीत सोडायचं नव्हतं. हंड्यात सोडलं तरी झाडांना कमीच पडणार होतं. त्या उठल्या, पदर खोचला आणि तोटी पिरगळली.

"या. रांगेनं या. ढकलाढकली केली तर बंद करीन."

पहिली बाई वयस्कर होती. हंडा भरता भरता तिनं विचारलं, "कुणाचं हाय बाई पाणी? सरकारचं?"

"माझ्या भावाचं. माहेराहून आणलंय, झाडं जगवाया."

बाईनं हात आखडला. मागे वळून पोरीबाळींना म्हणाली, "अय, माहेरचं हाय गं तिच्या. एकच हंडा घ्या, घागरी ऱ्हाऊ द्या." आणि खरंच, रांगेतल्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. एकीनं कुरकुर केली तर दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं, "तुझ्या भावानं कधी तांब्या तरी दिला का?" सगळ्या हसल्या. शेवंताबाईही हसल्या, डोळे पुसत.

मी मात्र लोंबणाऱ्या पाइपापाशी उभी होते. हे सगळं माझ्या खोबरेलानं झालं होतं. एका तरण्या बाईनं विचारलं, "काय झालं वो आजी गाडीला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तेल लागलं तर साबण लावा की."

साबण! चंदनाचा! लेण्यांवर हात धुवायला म्हणून मी डबी पर्समध्ये टाकली होती, ती काढली. लतीफभाईंनी नळी आणि पाइप गार होऊ दिले, मग दोन्ही आतून-बाहेरून साबणानं घासले. शेवंताबाईंनी तोटीखालून तांब्याभर पाणी आणून घातलं, फार जपून, बारीक धारेनं. पुसायला कोरडं, स्वच्छ कापड हवं होतं. लतीफभाईंचं फडकं डिझेलचं, त्यांचा रुमाल घामाचा. मी डोक्यावरची टोपी काढून दिली. तिचा सबंध प्रवासातला तेवढाच उपयोग झाला.

मग लतीफभाईंनी कोरडा पाइप कोरड्या नळीवर चढवला. पिळत, दाबत, शिव्या गिळत. तो कडेवरून पार पुढे गेल्यावर क्लॅम्प कडेच्या मागे बसवला आणि बेतानं आवळला. बायका घोळका करून बघत होत्या. चुडा भरताना नवरीभोवती जमतात तशा.

गाडी सुरू झाली. लतीफभाईंनी जोर दिला. मी कानांवर हात ठेवले. काही झालं नाही. चढ आला, वळण आलं, आणि गाडी टाकीसकट वर निघाली. धूर नाही. मागे वळून पाहिलं तर बायका डोक्यावर हंडे घेऊन घाट उतरत होत्या.

बाग

चितेगावला आलो तेव्हा ऊन कललं होतं. लतीफभाईंनी टाकीवर पान्यानं ठोकलं. वरच्या भागातून पोकळ आवाज आला.

शेवंताबाई रांगांच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. एका बाजूला नंतर लावलेली तरणी झाडं, दुसऱ्या बाजूला बांधाकडेची पहिली, मालकांच्या हातची. त्यांनी तरण्या झाडांकडे बोट केलं. लतीफभाईंनी पाइप तिकडे ओढला.

"आणि ही?" मी जुन्या रांगेकडे पाहत विचारलं.

"ही म्हातारी झाली. यांनी लई दिलंय." मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "भिऊ नका विहीणबाई, तुम्हाला चहा मिळंल."

आम्ही दोघी इतक्या हसलो की लतीफभाई पाइप टाकून बघायला आले.

जावई कंपनीतून आले ते थेट बागेत. बूट चिखलात रुतले. ओली आळी पाहिली, कोरडी पाहिली.

"आई, टाकी भरून निघाली होती ना?"

"व्हय. वाटंत पाव्हण्या भेटल्या."

"किती?"

"हंडं घिऊन आल्या व्हत्या. मी काय मोजीत बसू?"

प्रकाशराव जुन्या रांगेकडे पाहत राहिले. प्लॉटचं बोलायचं असतं तर तीच वेळ होती. त्यांनी पिशवी झाडाला अडकवली, पँट दुमडली आणि विचारलं, "लतीफभाई, गाडी भरलेली चढते का आता?"

"हौ. एकदम. एक हंडा बी नहीं निकालना पडेगा."

"मग रोज जाता येईल का ते बघतो. मामांना मी फोन करतो."

"आन् तुझे प्लॉट?" शेवंताबाईंनी विचारलं.

"उन्हाळा संपू दे. मग भांडू."

ते भांडले. अजूनही दर उन्हाळ्यात भांडतात. बांधापलीकडे आज चार मजली घरं आहेत आणि अलीकडे मोसंबी आहे. जुन्या रांगेतली बरीच झाडं मात्र त्या वर्षीच गेली.

त्या संध्याकाळी टाकी संपली. शेवटच्या तरण्या झाडाला धार येता येता बारीक झाली आणि थांबली. लतीफभाई पाइप गुंडाळायला वाकले, तशा शेवंताबाई म्हणाल्या, "थांब." त्यांनी पाइपाचं तोंड उचललं आणि बांधाकडच्या एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवलं. दुसरं टोक मी धरलं होतं. त्यांनी खूण केली, वर करा. पाइपात अडकलेलं पाणी आतल्या आत पुढे सरकायला लागलं, मला ते हातांना जाणवत होतं. तोंडातून ते तांब्या-दोन तांबे बाहेर आलं असेल. मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

एवढ्यानं काय होणार, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. त्या सबंध प्रवासात पहिल्यांदाच मी तोंड मिटलं आणि पाइप आणखी वर धरला.